चिखलात लपलेला लाल

सुरतेतल्या उधन्याच्या खाडीचं पाणी रोज नव्या रंगाचं असे. गिरण्यांमध्ये ज्या रंगाच्या साड्या छापल्या जात, त्या रंगाचं पाणी दुसऱ्या दिवशी खाडीला येई. कधी शेंदरी, कधी मोरपिशी, कधी जांभूळ पिळून टाकल्यासारखं. माणसं नाकाला रुमाल लावून पूल ओलांडत. भागीरथी मात्र कठड्याशी थांबायची. वासाने तिचंही डोकं उठे, आणि ज्यांनी हे पाणी असं केलं त्यांना ती तोंडभर शिव्या देई. पण शिव्या देता देता पाहतही राही. एवढा रंग, आणि गटारात! आपल्याला गावाकडे निळीची एक पुडी मागायची तर आईचं तोंड बघावं लागायचं, आणि इथे हे मेले पिंपंच्या पिंपं ओततात.

भागीरथी मूळची शिंदखेड्याकडची, तापीकाठच्या गावातली. लहानपणी होळीला तिने घरची पांढरी शेळी पळसाच्या फुलांत रंगवली होती, त्यासाठी आईचा मार खाल्ला होता. मोठी झाली तशी लग्नघराच्या भिंती तिच्याकडे आल्या. गेरू, चुना, काजळी आणि नीळ यांवर ती हत्ती, केळीचे खांब, वरातीतले वाजंत्री उभे करायची. हत्तीला हार घालताना कुणी मध्ये बोललं की हातातला कुंचला त्याच्याच अंगावर झटकायची. तोंडाने तिखट म्हणून गावभर तिचं नाव होतं. लग्न झालं, नवरा सुपडू तिला घेऊन सुरतेला आला, आणि भिंती संपल्या. उधन्यातल्या खोलीचा मालक खिळा ठोकू देत नव्हता, तिथे हत्ती कोण काढू देणार?

मुलीचं लग्न करून तिला नंदुरबारला दिल्यावर घर रिकामं झालं. तेव्हा भागीरथी गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. झाडायचं, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. शिकवायला शोभाताई होत्या, हिंगोलीकडच्या, शांत स्वभावाच्या. यंत्रमागावर राबणाऱ्यांची सगळी पोरं तिथे येत. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पळापळीत गावाकडे गेलेली कुटुंबं परत येऊन स्थिरावली होती, त्यामुळे शेड भरून वाहत होती. चित्रांचं पुस्तक मात्र एकच. त्यातला कावळा मुंडक्याशिवाय उरला होता आणि हत्तीची सोंड कुणीतरी चावून खाल्ली होती.

"या पोरांपुढे कागद टिकत नाही," शोभाताई एकदा म्हणाल्या.

"मग कापडाचं करू."

"आणि चित्रं कोण काढणार, मावशी?"

"मी."

शोभाताई हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, पण हसल्या. भागीरथीने खिचडीचं पातेलं असं आपटलं की झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं.

सुपडू गिरणीच्या रंगखात्यात कामाला होता. साड्या छापायचा दाट रंग मोठ्या पिंपांत घोटायचा, हे त्याचं काम. माणूस भित्रा. शेठची गाडी दिसली तरी तो हात पुसायला लागे. फार वर्षांपूर्वी गंमत म्हणून त्याने घरी कापडाच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. एकीवर विटकरी चिखल फासल्यासारखं काहीतरी होतं, दुसरीवर भडक लाल फूल.

"दोन्हीवर रंग एकच आहे," तो म्हणाला होता. "ही वाफेआधीची, ही वाफेनंतरची. छापल्यावर कापड स्टीमरमध्ये घालतात. कडक वाफ लागली की रंग कापडात शिरतो आणि मग उघडतो. तोपर्यंत सगळा चिखल."

त्या रात्री भागीरथीला झोपायचं सुचलं नाही. चिखलात लाल लपलेला असतो! मग तिने त्याच्याकडून एकेका रंगाच्या पट्ट्या मागवल्या आणि पाठ केल्या. ओल्या विटेसारखा दिसतो तो लाल. जळक्या वांग्यासारखा दिसतो तो निळा. शिळ्या वरणासारखा तो पिवळा. हिरव्याचं तर विचारूच नका, तो गढूळ पाण्यासारखा दिसतो आणि वाफेतून पोपट होऊन बाहेर येतो.

पुस्तक करायचं ठरलं तसे सुपडूने पॉलिस्टरचे पांढरे तुकडे आणि जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात पिंपाच्या बुडाचे रंग आणून दिले. भागीरथीने बाभळीच्या काड्यांची टोकं ठेचून कुंचले केले. दुपारी बालवाडी सुटली की खोलीचं दार लावून ती फरशीवर बसे.

गोष्ट तिची तिनेच रचली. एक चितारीण असते. तिला रंगांचं भारी वेड. ती गावभर फिरते आणि ज्याला त्याला विचारते, तुला कुठला रंग पाहिजे? गाढव म्हणतं, मला गाढवाच्या रंगाचा कंटाळा आलाय, मला हिरवं कर. कावळा म्हणतो, मला लाल कर, म्हणजे पितरांच्या पानाला लोक मला ओळखतील तरी. विहीर म्हणते, मला आतून पिवळं कर, फार अंधार आहे. चितारीण सगळ्यांना रंग देत जाते आणि शेवटी तिच्या स्वतःसाठी रंगच उरत नाही. मग ती हात पुसते आपल्याच लुगड्याला, आणि गावात सगळ्यात रंगीत तेच लुगडं होतं.

हे सगळं तिने चिखलात काढलं. लाल कावळा विटकरी होता, हिरवं गाढव गढूळ होतं, विहिरीत वरण सांडल्यासारखं होतं. पण काढताना तिला खरे रंग दिसत होते. लुगड्याच्या पानावर तर ती सगळ्यात जास्त रमली. इथे निळ्याला पिवळा टेकेल, तिथे हिरव्यातून लाल फुटेल, असं मनाशी बोलत ती तो काळपट राडा रांगोळीसारखा भरत होती.

शेजारणीने दारातून डोकावून पाहिलं. "भागीरथी, पोरांना शेणाचं पुस्तक देतेस का वं?"

"तुझ्या घरी शेण बरं ओळखू येतं," भागीरथी मान वर न करता म्हणाली.

शोभाताईंनीही पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, सगळं एकाच रंगाचं का?"

"वाफ लागू द्या. मग बोला."

ठरलं असं होतं की सुपडूने ती पानं शर्टाच्या आत पोटाला गुंडाळून न्यायची. स्टीमरवर लोटू नावाचा गाववालाच होता. साड्यांच्या ताग्याच्या शेपटाला पानं टाचून तो ती आत सोडणार होता. दुपारपर्यंत काम होणार होतं. भागीरथीने त्या दिवशी बालवाडीत पोरांना सांगूनही टाकलं, उद्या तुमचं पुस्तक येणार.

सुपडू संध्याकाळी आला तो डब्याची पिशवी छातीशी धरून. दारातच उभा राहिला. भागीरथीने पिशवी ओढून घेतली. आत ओला बोळा होता. तिने तो उलगडला. पांढरं कापड. कुठे कुठे भुरकट डाग, जुन्या लाळेऱ्यावर असतात तसे. गाढव नव्हतं. कावळा नव्हता. लुगडं नव्हतं.

"काय झालं?"

"मगनमास्तर आला," सुपडू जमिनीकडे पाहत म्हणाला. मगनमास्तर म्हणजे रंगखात्यापासून स्टीमरपर्यंत सगळ्यांचा वरचा. "लोटूच्या हातातून पानं घेतली. एकेक पान उजेडाला धरून पाहिलं. मग म्हणाला, ये क्या गंदगी है? धुलाईच्या यंत्रात टाकायला लावली. म्हणाला, पोतेऱ्याला होतील. वर मला म्हणाला, घरच्या बाईला सांग, डिझाईन शेठ मुंबईहून आणतो."

"आनि तुम्ही?" रागाच्या भरात भागीरथी माहेरच्या बोलीवर आली. "तुम्ही काहीच बोलनात नही?"

"मी काय बोलसू? मास्तर शे तो."

"तोंड शे ना तुम्हाले? का ते बी पिंपमां घोटी टाकं?"

वाफ न लागलेला रंग कापडावर नुसता बसलेला असतो. पाणी लागलं की सुटून जातो. गिरणीत काल लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. भागीरथी तडक पुलावर गेली. खाडी त्या संध्याकाळी तपकिरी वाहत होती. तिचे रंग त्यात कुठले होते, कळायला मार्ग नव्हता. ती पाण्यात थुंकली आणि परत आली.

त्यानंतर तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर आदळायची, तांब्या आदळायची. सुपडूने मीठ मागितलं तर मिठाची बरणीच ताटात ठेवायची. बालवाडीत पोरं विचारत, पुस्तक कुठंय? ती म्हणे, मेलं. शोभाताईंनी एकदा समजूत घालायला तोंड उघडलं, तर भागीरथी म्हणाली, "ताई, तुम्हाला वाटतं ना, बाईने चिखल कालवला आणि चिखलच गेला? तुमच्या डोळ्यांपुढे माझं एक पान तरी उघडलं असतं, तर तुम्ही समजूत घातली नसती. माझ्याबरोबर शिव्या दिल्या असत्या." भागीरथीचं दुखणं नेमकं तेच होतं. तिला चित्र काढता येतं हे सुरतेत एकाही माणसाने पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं अशी जी एकच वेळ आली होती ती पाण्यात गेली होती.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी माणसांची कानबाई देवी बसते, तशी उधन्यातही घरोघर बसली. मगनमास्तरच्या घरची सगळ्यात मोठी. मास्तरही शिंदखेड्याकडचाच. पोरवयात हातात पत्र्याची पेटी घेऊन आला होता, आता त्याच्या शब्दावर गिरणीत माणूस लागत होता नि निघत होता. दिवेलागणीला गल्लीतल्या बाया दर्शनाला निघाल्या. भागीरथीही निघाली. सुपडू दारात आडवा आला.

"तू नको जाऊ," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. "देवीला जाते. तुमची ना आहे का?"

चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाला नथ, हिरवी चोळी, गळ्यात फुलांचे हार. बाया फुगड्या घालत होत्या. मगनमास्तर धुतलेल्या धोतरात, येणाऱ्याजाणाऱ्याला या बसा करत उभा होता.

भागीरथीने हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि वळली.

"मगनभाऊ, देवीपुढे एक विचारते. माझी चित्रं तुम्ही का धुतलीत?"

फुगडी थांबली. मास्तर हसला. "अगं, ती चित्रं होती का? मला वाटलं, सुपडूने घरून पोतेरं आणलं."

दोघीतिघी फिसकन हसल्या.

"पोतेरं वाटलं तर फेकायचं. पाण्यात कशाला घातलंत?"

"वहिनी, कापड गिरणीचं, रंग गिरणीचा." मास्तरचा आवाज खाली आला. "शेठच्या कानावर गेलं असतं तर सुपडू आज घरी बसला असता. मी त्याला वाचवला आणि तू माझ्याच दारात सणासुदीला भांडायला आलीस?"

"चोरी होती तर जप्त करायची. मला गेटवर बोलवायचं, मी आले असते. चार लोकांत मला चोर म्हणायचं. पण तुम्ही तसं केलं नाही." भागीरथीचा आवाज चढत गेला. "तुमचा जन्म गेला त्या स्टीमरपुढे. कुठल्या चिखलातून लाल निघतो आणि कुठल्यातून निळा, हे या उधन्यात तुमच्याइतकं कुणाला कळतं? आमच्या यांना नाही कळत. लोटूला नाही कळत. तुम्ही एकेक पान उजेडाला धरलंत. माझा कावळा लाल आहे हे तुम्हाला दिसलं. माझं लुगडं दिसलं. अख्ख्या सुरतेत फक्त तुम्हालाच दिसलं, मगनभाऊ, आणि दिसलं म्हणून धुतलंत!"

मास्तर समईची वात सारखी करायला वाकला. वात सारखीच होती.

"देव बसेल शे, माय," मास्तरची बायको पुढे आली आणि तिने भागीरथीच्या कपाळाला कुंकू लावलं. "आते जाय घर." तिच्या आवाजात राग नव्हता. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, त्यामुळे प्रसाद घ्यावा की नाकारावा हा प्रश्न आला नाही. भागीरथी पायरी उतरली. अंगणात गर्दीच्या मागे सुपडू उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आता माझी नोकरी गेली," तो वाटेत म्हणाला.

"जाऊ द्या."

नोकरी गेली नाही. मास्तरने सुपडूला एक शब्दही विचारला नाही. फक्त रंगखात्यातून काढून गाठोडी वाहायला लावलं. सुपडूची पाठ आंबून जाई. पण माणसाचं काय फिरतं ते सांगता येत नाही. जो माणूस रंगखात्यात असताना बुडाचा रंग चोरताना दहादा मागे वळून पाहत होता, तोच आता गाठोडी टाकून परत येताना, धुवायला बाहेर काढलेल्या पिंपांपाशी वाकू लागला. एका संध्याकाळी त्याने डबा भागीरथीपुढे ठेवला. खालच्या पुडात विटकरी, वांगी, वरण, गढूळ, सगळे होते. डब्याखाली पांढऱ्या कापडाची घडी.

भागीरथीने डब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "काढीन. पण वाफ कोण देणार? तुमचा लोटू आता माझं नाव काढलं तरी पळतो."

सुपडूने कान खाजवला. "लॅबमध्ये लहान नमुना असला की स्टीमर नाही लावत. कुकरात वाफवतात."

"कुकरात?"

"हं. घरच्यासारखाच असतो."

"आणि हे तुम्ही मला आज सांगता?"

"तू बोलत कुठे होतीस?"

हातातलं उलथनं तिने फेकलं नाही, हे सुपडूचं नशीब.

तिने पानं पुन्हा काढली. पहिल्यासारखी नाही निघाली. पहिल्या वेळी हात लाडाने चालला होता, या वेळी रेघा जाड आल्या. गाढव चिडलेलं आलं. कावळ्याने चोच उघडली. चितारणीचा चेहरा पहिल्या पुस्तकात हसरा होता, आता तिच्या भुवया जुळल्या. भागीरथीने तो पुसला नाही.

घरात कुकर एकच होता. त्यात एकदा गिरणीचा रंग गेला की पुन्हा डाळ शिजवायची नाही, एवढं तिला कळत होतं. तिने कुकरकडे पाहिलं आणि त्याचं झाकण घासूनपुसून ठेवलं, सासरी जाणाऱ्या मुलीला नटवावं तसं. एका रविवारी सकाळी एकेक पान जुन्या धोतरात गुंडाळून, एकाचा रंग दुसऱ्याला लागू नये असं बघून, तिने ती गुंडाळी पाण्याच्या वर जाळीवर ठेवली. स्टोव्ह पेटवला. शिट्ट्या होत राहिल्या. खोलीत गिरणीचा वास भरला. शेजारीण ओरडली, "काय शिजतंय वं, मढं का?" भागीरथीने उत्तर दिलं नाही. पाणी आटेल म्हणून सुपडू अस्वस्थ होता. ती त्याला कुकरला हात लावू देत नव्हती.

कुकर निवला. तिने झाकण काढलं, गुंडाळी बाहेर घेतली आणि एक पदर सोडला.

कावळा लाल होता. असा लाल, की सुपडू मागे सरकला. गाढव पोपटी होतं, विहिरीच्या तळाशी ऊन पडलं होतं. एका पानावर झाकणाचं पाणी टपकून चितारणीच्या खांद्यावर पांढरे ठिपके उठले होते. एका कोपऱ्याला वाफ पोचलीच नव्हती, तिथे चिखल तसाच होता. आणि लुगडं. लुगड्यावर निळ्याला पिवळा टेकला होता, हिरव्यातून लाल फुटला होता. सुपडू नुसता "अरे, अरे" म्हणत राहिला.

भागीरथी हसली नाही. तिने पानं उचलली, साबणाची वडी आणि धुणं बडवायचं धोपाटणं घेतलं आणि नळावर गेली. रविवारची सकाळ, नळावर अख्खी गल्ली. शोभाताई कळशी घेऊन रांगेत होत्या.

"मावशी! हे..." शोभाताईंची कळशी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. "आणि तुम्ही हे धुताय? रंग जाईल!"

"सरका."

तिने लुगड्याचं पान दगडावर टाकलं आणि पाणी ओतलं. पहिल्या पाण्याबरोबर थोडा रंग सुटला. गुलाबी ओघळ मोरीकडे निघाला. बाया "गेला, गेला" म्हणाल्या. भागीरथीने दात आवळले. तिने साबण चोळला, धोपाटणं उचललं आणि हाणलं. पुन्हा पाणी. ओघळ फिका झाला. पुन्हा हाणलं. ती आता पानाकडे पाहत नव्हती, दगडाखालून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत होती. पुन्हा पाणी ओतलं. ते स्वच्छ आलं. दगडावर लुगडं जसंच्या तसं होतं, उलट आणखी उजळलेलं.

"पाणी पांढरं येतंय वं," शेजारीण म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"मावशी, बास," शोभाताई म्हणाल्या. "राहिला रंग. दिसला सगळ्यांना. द्या इकडे, मी वाळत घालते."

भागीरथीने लुगड्याचं पान त्यांच्या हातात दिलं आणि कावळ्याचं घेतलं. दगडावर आपटलं, पाणी ओतलं. मास्तरच्या घराकडे तिने एकदा पाहिलं, मग धोपाटणं खांद्याच्या वर नेलं. नळावरची रांग थांबली होती. कुणी कळशी पुढे सरकवत नव्हतं.

"फाटेल गं," लांबून सुपडू म्हणाला.

"नाही फाटत," ती म्हणाली, आणि सगळ्या ताकदीने हाणलं.